नाव बुडाली, माणूस बुडू नये

पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ मुलाबरोबर दवाखान्यात आले. पैनगंगेच्या काठचे गाव. महिना झाला झोप नाही, जेवण जात नाही, छातीवर दगड ठेवल्यावानी वाटते, अशी तक्रार. रक्तदाब तपासला, साखर तपासली, हृदयाचा आलेख काढला. सगळे ठीक होते. काही चिंता आहे का, असे विचारले तर "काहीच नाही साहेब" एवढेच उत्तर. मुलगा मात्र हळूच म्हणाला, "पुरात डोंगा गेला ना साहेब. तवापासून बाबा असेच आहेत. मी म्हटलं दुसरा घेऊ, तर बोलतच नाहीत." डोंग्याचा उल्लेख होताच त्या गृहस्थांनी मान फिरवली आणि दुपट्टा डोळ्यांना लावला.

(ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

सागाच्या फळ्यांची ती नाव त्यांच्या वडिलांच्या वेळची होती. दर उन्हाळ्यात ती काठावर उलटी टाकायची, फटी बुजवायच्या, डांबर लावायचे. पूल झाला नव्हता तेव्हा तिने शाळेची पोरे पलीकडे नेली, बाजारकरू नेले, अडलेल्या बाळंतिणी नेल्या. पूल झाल्यावर ती मासेमारीपुरती उरली. एका रात्री पाणी चढले, दोर तुटला, आणि सकाळी खुंटा तेवढा जागेवर होता. गावातली माणसे भेटायला आली, नाही असे नाही. पण प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवले, "जीव वाचला ना, लाकूडच तर गेले."

हे वाक्य चांगल्या मनाने बोलले जाते. तरी माझ्या मते ते औषधाच्या जागी दिलेले विष आहे. जिवापाड जपलेली वस्तू गेल्यावर माणसाला होते ते खरेखुरे दुःख असते. माणूस गेल्यावर शरीर आणि मन जसे वागते, तसेच ते इथेही वागते. फरक एवढाच, की माणूस गेला तर रडण्याची परवानगी असते, आणि वस्तू गेली तर नसते. आजचा लेख या परवानगीबद्दल आहे.

तीन शिडाच्या नौका

यवतमाळच्या वाचकाने शिडाची नौका बहुधा चित्रातच पाहिलेली असते. तरीही या विषयासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. महिनोन्‌महिने समुद्रावर एकटा असलेला माणूस आणि त्याच्याखाली ती नाव, असा हा संबंध असतो. तिचा दोर कुठे घासतो, फळी कुठे कुरकुरते, वारा फिरला की ती कशी अंग टाकते, हे त्याच्या हाताला आणि कानाला ठाऊक असते. झोपेतही तिचा आवाज बदलला तर तो जागा होतो.

१९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. ती पुरी करणारा एकमेव माणूस म्हणजे इंग्लंडचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची नौका 'सुहैली' सागवानाची होती आणि ती आपल्या मुंबईत, कुलाब्याला, भारतीय सुतारांनी बांधलेली होती. त्याच शर्यतीत 'जोशुआ' नावाची पोलादी नौका घेऊन फ्रान्सचा बर्नार मोइतेसिए हाही होता. जिंकण्याची संधी असताना त्याने शर्यत सोडली आणि तो सरळ ताहिती बेटाकडे निघून गेला. त्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये ती जुन्या पद्धतीने पुन्हा भरवण्यात आली. तिच्यात भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी 'थुरिया' ही नौका घेऊन उतरले. 'थुरिया' म्हणजे सुहैलीचीच प्रतिकृती, आणि ती गोव्यात बांधलेली होती.

या तिघांपैकी एकाचीच नौका त्याच्याजवळ टिकली. नॉक्स-जॉन्स्टनने सुहैली पन्नास वर्षांहून अधिक काळ सांभाळली, म्हातारपणी स्वतः राबून ती पुन्हा दुरुस्त केली. दुसऱ्या दोघांच्या वाट्याला वियोग आला.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात थुरिया उलटीपालटी झाली. तिची डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला आणि त्यांना उभेही राहता येईना. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, ओसिरिस या फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाने त्यांना उचलले. तेथून ॲम्स्टरडॅम बेटावर, आणि पुढे आयएनएस सातपुडा या युद्धनौकेतून मायदेशी. माणूस वाचला, नाव मात्र तिथेच समुद्रात सोडून द्यावी लागली. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगुकिन मोडक्या नावेतून टॉमींच्या दिशेने निघाला होता. त्यालाही ओसिरिसने घेतले, आणि त्याचीही नाव मागे राहिली.

मोइतेसिएची कहाणी आणखी लांब आहे. त्याने आयुष्यात एकामागून एक नौका गमावल्या. पहिली १९५२ मध्ये हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाच्या खडकांवर फुटली. दुसरी १९५८ मध्ये कॅरिबियन बेटांजवळ गेली, तेव्हा थकव्याने त्याचा डोळा लागला होता. तिसरी, त्याची सर्वांत लाडकी जोशुआ, डिसेंबर १९८२ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एका रात्रीच्या वादळात वाळूवर फेकली गेली. तिला सावरणे त्याला शक्य नव्हते, म्हणून त्याने ती नाममात्र किमतीला तरुणांच्या हवाली केली.

ही झाली नावाजलेल्या माणसांची गोष्ट. आपल्या कोकणात नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आले, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले. अनेक मच्छीमारांच्या होड्या फुटल्या, वाहून गेल्या. त्या घरांत काय झाले असेल, हे समजायला समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही.

वस्तूसाठी एवढे दुःख का?

अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात याचे साधे उत्तर दिले आहे. माणूस ज्याला 'मी' म्हणतो, त्यात केवळ देह आणि मन येत नाही. त्याचे घर, बायकोमुले, पूर्वज, मित्र, शेती, घोडे हे सगळे त्यात येते. जेम्स यांनी या यादीत शिडाची नौकासुद्धा घातली आहे! ही सगळी वाढली की माणूस फुलतो, आणि त्यातले काही गेले की तो स्वतःच कमी झाल्यासारखा खचतो.

म्हणजे डोंगा जातो तेव्हा एकाच वेळी तीन गोष्टी जातात. पहिली, रोजी. दुसरी, ओळख. कालपर्यंत तो 'डोंगेवाले काका' होता, आज कोण आहे? तिसरी, साठवण. वडिलांचा हात त्या वल्ह्यावर होता, स्वतःची जवानी त्या नावेत गेली. दुसरा डोंगा आणला तर पहिली गोष्ट परत येते, दुसरी हळूहळू येते, तिसरी येतच नाही. मुलाचे "दुसरा घेऊ" बापाला का टोचले, ते यावरून ध्यानात यावे.

शास्त्राने हे तपासूनही पाहिले आहे. अमेरिकेत बोस्टन शहरातील एक जुनी वस्ती पाडून तेथील लोकांना इतरत्र हलवण्यात आले. त्या लोकांचा अभ्यास करून मार्क फ्राइड यांनी १९६३ मध्ये लिहिले, की घर गेल्यावर या माणसांना झाले ते शोकच होते. इंग्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी १९७२ मध्ये जोडीदार गमावणे, पाय कापावा लागणे आणि घर गमावणे या तिन्ही दुःखांची तुलना केली. त्यांना तिन्हींत पुष्कळ साम्य आढळले. सुरुवातीचा बधिरपणा, मग गेलेले शोधत राहणे, मग खचणे आणि हळूहळू सावरणे. इसापूर, अरुणावती, बेंबळा या प्रकल्पांच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या घरांतील म्हाताऱ्यांना हे वेगळे शिकवायला नको.

असे असूनही आमच्या वैद्यकीय पुस्तकांचा या दुःखाकडे थोडा काणाडोळाच आहे. होम्स आणि राहे या दोघांनी १९६७ मध्ये माणसावर ताण आणणाऱ्या ४३ घटनांची एक यादी केली. ती आजही शिकवतात. त्यात जोडीदाराचा मृत्यू आहे, नोकरी जाणे आहे, सुट्टीवर जाणेसुद्धा आहे. लाडकी वस्तू गमावणे नाही. लांबलेल्या शोकाचे जे निदान अलीकडे मान्य झाले, तेही माणसाच्या मृत्यूपुरतेच आहे. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाला वेगळे नाव दिले. मराठीत त्याला आपण 'हक्क नाकारलेले दुःख' म्हणू. ज्याला खांदा नाही, तेरावा नाही, भेटायला येणारे पाहुणे नाहीत, असे हे दुःख.

शरीर काय सांगते?

या दुःखात माणूस डॉक्टरकडे 'मला दुःख आहे' म्हणून येत नाही. तो पोट घेऊन येतो, डोके घेऊन येतो, छाती घेऊन येतो. झोप लागत नाही किंवा पहाटे तीनला उघडते. भूक मरते. अंगात त्राण राहत नाही. मनात त्याच रात्रीचे चित्र पुन्हा पुन्हा येते. 'दोर बदलला असता तर', 'डोंगा वर ओढून ठेवला असता तर', हा हिशेब थांबत नाही. काही वेळा पाय नकळत घाटाकडे वळतात, नजर खुंट्यावर जाते. वेड लागल्याचे हे लक्षण नव्हे. गेलेले शोधण्याची ही मनाची जुनी सवय आहे आणि ती आपोआप कमी होते.

छातीबद्दल मात्र एक सूचना. दुःखामुळे छाती दुखते असे गृहीत धरून घरी बसू नये. आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा. जबर मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडण्याचा एक आजार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला 'ताकोत्सुबो' हे नाव दिले. ताकोत्सुबो म्हणजे कोळ्यांचे अष्टपाद पकडण्याचे मडके, कारण या आजारात हृदय तशा आकाराचे दिसते. तो चाळिशी-पन्नाशीपुढच्या स्त्रियांत अधिक आढळतो. बहुतेक रोगी बरे होतात, पण उपचार वेळेवर हवेत.

आपण काय चुकतो?

पहिली चूक म्हणजे तुलना. "अमक्याचा तर मुलगा गेला, तुझे काय गेले?" दुःखे तराजूत घालता येत नाहीत. अशा बोलण्याने दुःख कमी होत नाही, त्यात लाजेची भर पडते.

दुसरी चूक म्हणजे घाईची बदली. आठ दिवसांत नवी वस्तू दारात उभी करायची. पोट त्यावर अवलंबून असेल तर ती आणावीच लागते, त्याला इलाज नाही. पण 'आता झाले ना भरून' असे म्हणू नये. जुन्याचा निरोप झाल्याशिवाय नव्याचे स्वागत होत नाही.

तिसरी चूक म्हणजे दोष देणे. "तुला सांगितले होते दोर बदल" हे वाक्य खरे असले तरी त्या वेळी बोलू नये. तो स्वतःला रात्रंदिवस हेच सांगत असतो.

चौथी चूक माणूस स्वतः करतो, ती म्हणजे दारू. दोन घोट घेतले की झोप लागते असे वाटते. प्रत्यक्षात ती झोप मोडकी असते, पहाटेची उदासी वाढते, आणि मनाचा लगाम सैल होतो. दुःखाच्या दिवसांत दारूसारखा वैरी नाही.

मग काय करावे?

एक. दुःखाला दुःख म्हणावे. घरच्यांनी एवढेच म्हटले तरी पुरे, "तुमचा डोंगा गेला, वाईट झाले. किती वर्षांचा होता हो?" आणि मग ऐकावे. तो पुन्हा पुन्हा तेच सांगेल. सांगू द्यावे. प्रत्येक सांगण्याबरोबर ओझे थोडे उतरते.

दोन. निरोप द्यावा. ही कला आपल्या संस्कृतीत आहेच. कोकणात नवी होडी पाण्यात घालताना तिची पूजा होते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो. आपल्या भागात पोळ्याला बैलाला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, झूल घालतात, ओवाळतात. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत ज्यांची जनावरे गेली, त्यांच्या घरचा पोळा कसा सुना गेला ते आपण पाहिले. जी माणसे बैलाला घरातला माणूस मानतात, त्यांना नावेचे दुःख कळायला हरकत नाही. म्हणून ज्या काठावरून नाव गेली, तिथे घरच्यांनी मिळून एकदा जावे, नारळ द्यावा, मोकळे रडावे. यात अंधश्रद्धा मुळीच नाही. गेलेले गेले हे मनाला पटवून देण्याची ती रीत आहे.

तीन. एखादी खूण ठेवावी. वल्हे असेल, एखादी फळी असेल, जुना फोटो असेल. पण ती खूण एका जागी ठेवावी. सगळे घर स्मारक होऊ देऊ नये.

चार. लिहिता येत असेल त्याने लिहावे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ पासून दाखवून दिले, की सलग तीन-चार दिवस रोज पंधरा-वीस मिनिटे मनातले दुःख कागदावर उतरवले तर पुष्कळांना पुढे बरे वाटते. शुद्धलेखनाची चिंता नको, कोणाला दाखवायचेही नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने नातवाला त्या नावेच्या गोष्टी सांगाव्यात. मोइतेसिएनेही दुसरी नाव गेल्यावर आपल्या भटकंतीचे पुस्तक लिहिले. ते १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातूनच त्याची एका पोलादी काम करणाऱ्या कारखानदाराशी गाठ पडली, आणि त्या माणसाने त्याला जोशुआ बांधून दिली.

पाच. दुःखालाही सुट्टी द्यावी. श्ट्रोबे आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले, की सावरणारा माणूस सतत रडत नसतो आणि सतत कामातही नसतो. तो दोन्हीकडे ये-जा करतो. सकाळी शेतात काम करावे, सायंकाळी आठवण आली तर येऊ द्यावी. गमावल्यावर चौथ्या दिवशी कोणी हसला तर 'याला काही वाटत नाही' असे म्हणू नये. 'दुःखाच्या पाच पायऱ्या' असे पुष्कळांनी वाचलेले असते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मरणोन्मुख रोग्यांच्या संदर्भात मांडल्या होत्या. प्रत्येकाला त्या क्रमाने चढाव्या लागतात असे नाही. आपले दुःख पुस्तकाप्रमाणे चालत नाही म्हणून घाबरू नये.

सहा. हाताला काम, शरीराला चालणे, वेळेवर दोन घास आणि ठरल्या वेळी अंथरूण. हे सांगायला साधे आहे, पण दुःखात सर्वांत आधी हेच मोडते.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

बहुतेकांचे दुःख काही आठवड्यांत सैल पडू लागते. आठवण राहते, पण तिचा दंश कमी होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज दिवसभर उदासी असेल, कशातही रस वाटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, अंघोळ-जेवण-कामधंदा सुटला असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्याला औषध आणि समुपदेशन दोन्ही आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून स्वतः आणून घेऊ नयेत.

"आता जगून काय करू", "मी नसलो तर बरे" असे शब्द निघाले, माणूस निरवानिरवीची भाषा करू लागला, तर एक दिवसही थांबू नये. आपल्या जिल्ह्यात हे सांगताना हात आखडता घेऊन चालत नाही. किती घरांनी काय सोसले आहे ते आपण सर्व जाणतो. वस्तू जाते, तिच्याबरोबर रोजी जाते, डोक्यावर कर्ज असते, वर लोक हसतील ही लाज. ही चार ओझी एका माणसावर एकदम पडली की धोका वाढतो. अशा वेळी त्याला सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने माणसाला आधार मिळतो. त्याला एकटे सोडू नये. घरातील फवारणीची औषधे त्या दिवसांत दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवावीत. वाईट घडी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती टळली की माणूस वाचतो.

मदतीसाठी केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दूरध्वनी क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येते.

पंचनाम्यात न मावणारे

आता थोडे माझे मत. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या जिल्ह्यात पावसाने कहर केला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर माणसे पुरात अडकली. त्यानंतर नेहमीप्रमाणे पंचनाम्यांचे काम आले. पंचनामा आवश्यकच आहे. जनावरे, घरे, पिके, मच्छीमारांच्या नावा आणि जाळी यांच्यासाठी आपत्ती निधीतून मदत देण्याची तरतूद आहे. ती वेळेवर मिळाली तर दुःखाचे निम्मे ओझे उतरते. पोटाची चिंता मिटल्याशिवाय मनाचा उपचार लागू पडत नाही, हे कोणताही डॉक्टर कबूल करील.

पण पंचनामा किंमत मोजतो. त्या नावेने किती वर्षे साथ दिली याचा रकाना त्यात नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही. माझे म्हणणे एवढेच, की पुरानंतर घरोघरी जाणारे जे कर्मचारी आहेत, तलाठी असो, ग्रामसेवक असो, आशाताई असो, त्यांनी दोन प्रश्न अधिक विचारावेत. "झोप लागते का?" आणि "जगणे नकोसे वाटते का?" उत्तर काळजीचे आले तर त्या माणसाचे नाव त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवावे. याला वेगळा निधी लागत नाही, थोडे शिकवणे लागते. साप चावला का हे विचारायला आपण शिकलो, मग हे का नाही?

अभिलाष टॉमींच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यात धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. ते पुन्हा चालायला शिकले. सप्टेंबर २०२२ मध्ये 'बयानत' नावाच्या दुसऱ्या नौकेतून ते त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी २३६ दिवसांनी दुसरे आले. मधे चार वर्षे गेली होती. या चार वर्षांत त्यांच्यामागे नौदल होते, शल्यविशारद होते, मित्र होते. आपल्या नदीकाठच्या माणसामागे कोण आहे? त्याच्यामागे घर आहे आणि गाव आहे. त्यांनी नौदलाचे काम करायचे आहे.

मोइतेसिएची जोशुआही पुढे सापडली. फ्रान्समधील ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाने १९९० मध्ये ती मिळवली, दुरुस्त केली, आणि ती पुन्हा पाण्यात उतरली. मोइतेसिए १९९४ मध्ये वारला, त्याआधीच हे घडले. सगळ्यांच्या नावा अशा परत येत नाहीत. आपल्या त्या गृहस्थांचा डोंगा आला नाही.

त्यांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मुलाला समजावून सांगितले. आठ दिवसांनी बापलेक दोघेच घाटावर गेले, नारळ दिला, आणि म्हातारा पोटभर रडला. औषध थोडे दिवस लागले. आता पाच-सहा तास झोप लागते. हंगामात ते भावकीतल्या एकाच्या नावेवर जातात. सायंकाळी घाटाकडे जायचे अजून टाळतात. टाळू द्यावे, घाई नाही.

वाचकहो, आपल्या शेजारी असा एखादा माणूस नक्की असेल. कोणाचा बैल गेला असेल, कोणाची वडिलांची सायकल चोरीला गेली असेल, कोणाचा तबला आगीत जळला असेल. या आठवड्यात त्याच्याकडे जा. उपदेश करू नका. "कशी होती हो ती?" एवढेच विचारा, आणि उठायची घाई करू नका.